तर्जनी आडवी पडेना

तर्जन म्हणजे धाक दाखवणे, आणि ते करणारं बोट ती तर्जनी. माझ्या तर्जनीनं हे काम ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका शाळेत गणित शिकवताना चौतीस वर्षं चोख बजावलं. ती नुसती उभी राहिली की शेवटचा बाक गप्प व्हायचा. निवृत्तीनंतर मात्र मी तिला आडवं पडायला सांगितलं, आणि तिनं साफ नकार दिला.

झालं असं, की लेक नोकरीला पुण्याला गेली आणि तिची गिटार माळ्यावर राहिली. सी, जी, डी, ई मायनर हे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, दोन महिन्यांत जमले. मग आला एफ मेजर. तर्जनी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घरात, सहाही तारांवर आडवी. मधलं बोट तिसऱ्या तारेवर, दुसऱ्या फ्रेटला. अनामिका पाचवीवर आणि करंगळी चौथीवर, दोघी तिसऱ्या फ्रेटला. भूमितीच्या दृष्टीनं यात अवघड काहीच नाही. मी आकृती जुळवली, तारा छेडल्या. धप्प! ओल्या पोत्यावर काठी हाणावी तसा आवाज.

घरात ब्याऐंशी वर्षांची आत्या आहे. संगीतशास्त्रकार भातखंडे आणि माधवराव शिंदे महाराजांनी 1918 साली सुरू केलेल्या आमच्या माधव संगीत महाविद्यालयात ती गाणं शिकलेली. म्हणजे मी धप्प वाजवतो ते कुणाच्या कानाशी, हे लक्षात घ्या. दोन दिवस तिनं सोसलं. तिसऱ्या दिवशी माळ ओढता ओढता म्हणाली, "अरे, मानगूट कशाला धरतोस तिचं? आमच्या तंबोऱ्याच्या तारा कोणी दाबत नाही. मोकळ्या सोडतात, म्हणून गोड बोलतात."

ग्वाल्हेरची गायकी अष्टांगाची म्हणतात. मला साध्या सहा तारा पेलेनात.

लेकीनं व्हिडिओ कॉलवर माझा पंजा तपासला. "बाबा, बोट सपाट नको ठेवूस, जरा कुशीवर वळव. हाडाची बाजू लागू दे. अंगठा नेकच्या मागे. आणि आवळू नकोस, दंडानं हात मागे ओढ. शिवाय सहा तारा तुला दाबायच्याच नाहीयेत. तिसरी, चौथी, पाचवी बाकीच्या बोटांकडे आहेत ना?"

सहातून तीन वजा करायला गणिताच्या मास्तरला लेकीचा फोन लागला. हे शाळेत कुणाला सांगू नका.

उरलेल्या तिघींपैकी दुसरी तार नेमकी पेराच्या घडीत जाऊन बसायची आणि तोंड उघडायची नाही. बोट केसभर वर सरकवलं की ती बोलायची, पण पहिली रुसायची. त्यात डिसेंबरची थंडी. मोजे घातलेल्या हातानं एफ लागत नाही, हा प्रयोगही करून झाला आहे.

शेवटी हजिऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी गेलो. तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, असं इथे लहानपणापासून ऐकतो. मी दोन पानं तर्जनीला चोळली. बाजूला एक बाई मुलाला पाला चारत होती. तिनं मुलाला जवळ ओढून घेतलं.

पाल्यानं काही केलं नाही. वाद्यांच्या दुकानदारानं नटच्या, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा जराशा घासून तारा खाली घेतल्या, त्यानं केलं. आणि लेकीच्या युक्तीनं. नटजवळ तार ताठ लागते, म्हणून तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर लावायचा. तिथे तो ए मेजर होतो. मग आठवड्याला एक फ्रेट खाली. रोज पाचच मिनिटं, कारण सहाव्या मिनिटाला अंगठ्याखालचा मांसल भाग संप पुकारतो.

परवा संध्याकाळी पहिल्या फ्रेटवर पोचलो. श्वास रोखून एकेक तार छेडली. सहावी, पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. सहाही बोलल्या! मी आत्याकडे पाहिलं. माळ थांबली होती.

"लागला रे," ती म्हणाली. "आता हात काढ, आणि परत लाव."

काढला. लावला.

धप्प.