मोअर इम्पॉर्टंटली, पाणी नाही

सोसायटीची पाण्याची मोटर जळली. वरच्या टाकीत खडखडाट, खालच्या टाकीतून बादल्या भरून जिने चढायचे, आणि वाइंडिंगची वर्गणी जमवायचं काम माझ्या गळ्यात, कारण बैठकीला मी गैरहजर होतो. इमारतीत तमिळ, बंगाली, सिंधी सगळेच, म्हणून नोटीस इंग्रजीत लिहिली. रविवारपर्यंत वर्गणी द्यावी, आणि 'मोअर इम्पॉर्टंटली' पाणी जपून वापरावं. संध्याकाळी बघतो तर शेवटच्या 'ली'भोवती लाल गोल, आणि बाजूला पेपर तपासल्यासारखा शेरा: 'सी मी.'

हे सी विंगमधले इंग्रजीचे निवृत्त सर. त्यांनी मला दुसऱ्या मजल्यावर गाठलं. माझ्या दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या.

"सांगा, पाणी काय करतं?"

"येत नाही, सर."

"तसं नव्हे. 'ली' लागलं की क्रियाविशेषण. पाणी 'इम्पॉर्टंटली' काय करतं?"

बादलीची कडी बोटांत रुतत होती. मी एक बादली पायरीवर टेकवली. ती कलंडून निम्मी माझ्या चपलेत गेली. सरांनी धोतर दोन बोटं वर उचललं आणि पुढे सुरू केलं. मूळ प्रयोग 'व्हॉट इज मोअर इम्पॉर्टंट'. त्यातलं 'व्हॉट इज' गळालं. मग 'ली' आलं कुठून?

"'फ्रँकली' चालतं ना, सर?"

"फ्रँकली माणूस बोलतो. इम्पॉर्टंटली कोण बोलतं?"

"तुम्ही," असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांच्याकडून वर्गणी यायची होती.

खालून वाइंडिंगवाला ओरडत होता, "साहेब, अ‍ॅडव्हान्स!" सर कठड्यावरून वाकून त्याला म्हणाले, "एक मिनिट, महत्त्वाचं चाललंय."

आता, बहुतेक शब्दकोशांना ही दोन्ही रूपं चालतात. आणि चुकाच काढायच्या तर मोठ्यांच्या काढा ना! १७८७ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्याच वाक्यात 'मोअर परफेक्ट' लिहिलं गेलं. जे परिपूर्ण आहे ते आणखी परिपूर्ण कसं होणार? तरी देश चालला. शेक्सपिअरचा अँटनी सीझरच्या प्रेतापाशी 'मोस्ट अनकाइंडेस्ट' म्हणतो, दोन-दोन तमभाव एकावर एक, आणि रोमच्या जमावातला एकही जण लाल पेन काढत नाही. ते लोक दंगल करायला निघाले. कामाची माणसं.

सर ज्यावर हक्काने सवलत घेतात तो 'सीनियर' शब्द लॅटिनमधला, मुळातच तुलनेचा: 'अधिक वयाचा'. म्हणून त्यापुढे 'दॅन' येत नाही, 'टू' येतो. हेही मला त्यांनीच ऐकवलं, पुढच्या जिन्यावर. आपला 'ज्येष्ठ' तर त्याच्याही वर, संस्कृतात 'सगळ्यांत मोठा'. म्हणजे आमच्या इमारतीत सगळ्यांत मोठी माणसं डझनभर आहेत. त्यांतलं एकही बादली उचलत नाही, हे वयाकडे बघून समजू शकतो. पण त्यांची धट्टीकट्टी मुलं?

रात्री ग्रुपवर चर्चा पेटली. मोटरचं आठवडाभर विचारत होतो तेव्हा सगळे मौनात होते. आता एकाने 'मोअर सिग्निफिकंटली' सुचवलं, बंगाली काकूंनी 'अबोव्ह ऑल'. त्यावर पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "अबोव्ह ऑल म्हणजे वरची टाकी का?" साऱ्या चर्चेत मुद्द्याचं बोललेल्या त्या एकट्याच.

शेवटी सरांचा मसुदा एकमताने मंजूर झाला. नोटीस आता निर्दोष आहे, फ्रेममध्ये लावण्याइतकी. वाइंडिंगचा अ‍ॅडव्हान्स मी माझ्या खिशातून दिला. ग्रुपवर मागितला की अंगठे येतात, पैसे येत नाहीत. सरांनी तर पावतीचा फोटो मागवून घेतला आणि 'रिसीव्ह्ड'मधला 'ई' आधी हवा की 'आय', तेवढं कळवलं.