न वटल्याची वटणावळ

‘पाचावर धारण बसणे’ याचा वाक्यात उपयोग मी शाळेत अनेकदा केला आहे. दर वेळी वाघ यायचा आणि रामूची पाचावर धारण बसायची. पण हे पाच म्हणजे नेमके कशाचे पाच, ते ना गुरुजींनी सांगितलं ना रामूने. गेल्या दसऱ्याला फ्रिज घेतला तेव्हा उलगडा झाला. ती महिन्याची पाच तारीख. त्या दिवशी आमच्या खात्यातून फ्रिजचा हप्ता जातो.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. पगार सात तारखेला होतो, असं मालक म्हणतात. होतोही, वर्षातून एखाद्या सातला. एरवी बाहेरगावच्या पार्टीचं पेमेंट आलं की पगार, मग तारीख दहा असो की बारा. मालकांचा स्वभाव वाईट नाही, सुताचा भाव वाईट आहे. म्हणजे हप्ता पाचला आणि पगार देवाला माहीत. मधले पाच-सात दिवस आमचं घर श्वास रोखून बसतं. पाहुणे आले तरी हळू आवाजात ‘या’ म्हणतो.

‘मग फ्रिज घ्यायचाच कशाला?’ असं पुण्याचे मेहुणे विचारतात. त्यांनी एप्रिलमध्ये सोलापुरात राहून बघावं. पारा चव्वेचाळीसला टेकला की रात्रीचं वरण सकाळी आपणहून बोलायला लागतं. शिवाय नवी पेठेतल्या दुकानात ‘एक रुपया भरा, फ्रिज घेऊन जा’ असा बोर्ड होता. एक रुपया माझ्याकडे होता. दुकानातला पोरगा टॅब घेऊन शेजारी बसला, ‘काका ओटीपी सांगा, काका अजून एक ओटीपी सांगा’ म्हणत राहिला आणि मी शाळेत पाढे म्हणावेत तसे ओटीपी म्हणत गेलो. चौथ्या ओटीपीला माझ्या खात्याची किल्ली फायनान्स कंपनीच्या कमरेला गेली. त्याला मॅन्डेट म्हणतात. दर पाच तारखेला ते किल्ली लावणार आणि २,३४० रुपये काढून नेणार. कडी वाजवायची पद्धत त्यात नाही.

पाच हप्ते सुरळीत गेले. सहावा एप्रिलचा.

मार्च संपताना खात्यात २,३५० रुपये होते. हप्ता २,३४० आणि वर दहा रुपये, खात्याला अगदीच उघडं वाटू नये म्हणून. लाखोंचे ताळेबंद जुळवणारा माणूस मी. इतका नेमका हिशेब जमला याचं मला कौतुकच वाटलं. बायकोला दाखवलंही. ती म्हणाली, “अहो, अजून शंभर-दोनशे असू द्या की वर.” मी हसलो. त्या हसण्याची किंमत पुढे येतेच आहे.

झालं असं की एप्रिलच्या दोन तारखेला बँकेने एसएमएसचे तिमाही चार्जेस कापले. पंधरा रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, मिळून १७ रुपये ७० पैसे. मेसेज पाठवल्याबद्दलचे हे पैसे कापले, त्याचा मेसेज मात्र आला नाही. खात्यात उरले २,३३२ रुपये ३० पैसे. म्हणजे सात रुपये सत्तर पैसे कमी. हे सत्तर पैसे रोख भरेन म्हटलं तरी भरता येणार नाहीत, कारण पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी २०११ सालीच चलनातून गेली. चलनात नसलेल्या पैशाला मी कमी पडलो.

तरी पाच तारखेला रविवार होता म्हणून मी निर्धास्त. रविवारी बँक बंद, हप्ता सोमवारी जाईल, सोमवारी बघू. आमच्या पिढीचं रविवारवर असं आंधळं प्रेम आहे. नंतर कळलं की १ ऑगस्ट २०२१ पासून ही हप्ते ओढायची यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालते, सणावारीसुद्धा. देशात सुट्टी न घेता काम करणारं कुणीतरी आहे म्हणतात, ते हे. रविवारी सकाळी मी पेपर वाचत होतो, तेव्हा किल्ली लागली, आत सात रुपये सत्तर पैसे कमी निघाले आणि हप्ता परत गेला.

आमचे आजोबा सूत-व्यापाऱ्याकडे मुनीम होते. त्यांच्या तोंडी एक शब्द असायचा, वटणावळ. हुंडी वटवली, नोट मोडली, की वटवणारा त्याचे चार पैसे कापून घेई, ती वटणावळ. काम झालं, त्याची मजुरी. आता काळ पुढे गेला. आता न वटल्याची वटणावळ लागते. हप्ता गेला नाही, काही हललं नाही, कुणी जागचं उठलं नाही. त्याचे बँकेने घेतले अडीचशे, वर जीएसटी पंचेचाळीस, एकूण २९५ रुपये. कंपनीने तिच्या बाजूने पाचशे लावले ते वेगळेच.

सोमवारी मेसेज दिसला. अपुरी शिल्लक. मी हिशेब केला आणि तातडीने दोस्ताकडून वीस रुपये यूपीआयने मागवले. तो म्हणाला, “काय बे, वीस रुपयाला फोन करतो व्हय?” मी म्हटलं, प्रसंगच तसा आहे. सात-सत्तरच्या जागी वीस टाकले, म्हणजे बारा रुपये तीस पैसे उलट शिल्लकच. या दिवशी मी दुसऱ्यांदा हसलो.

२९५ आधीच कापले गेलेत हे मी पाहिलं नव्हतं. म्हणजे खात्यात होते २,०५७ रुपये ३० पैसे. नऊ तारखेला कंपनीने पुन्हा किल्ली लावली. पुन्हा परत. पुन्हा बँकेचे २९५, पुन्हा कंपनीचे पाचशे. पहिल्या दंडामुळे शिल्लक कमी पडली म्हणून दुसरा दंड. आमच्या गल्लीत एकजण खड्ड्यात पडला आणि त्याला काढायला गेलेला दोर त्याच्याच डोक्यात पडला होता, त्याची आठवण झाली.

हिशेबनीस असल्यामुळे मी एक गणित मांडलं आणि मग मांडलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. बँकेचे ५९०, कंपनीचे १,०००, एकूण १,५९०. सात रुपये सत्तर पैशांवर. दोनशेसहा पट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो तिप्पटच होतो की! शिवाय त्यात कोंबडी तरी मिळते.

आणि फोन. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपनी नियमाला पक्की. आठ वाजून एक मिनिटाने फोन यायचा. “सर, आपका ईएमआई बाउन्स हुआ है.” आवाज इतका गोड की पहिल्यांदा मी ‘थँक यू’ म्हणालो. तिसऱ्या दिवशी आवाज बदलला. नवे गृहस्थ म्हणाले, “कलम पच्चीस पता है?” मला नव्हतं पता. शोधलं. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्यात ते खरंच आहे, चेक न वटण्यासारखंच, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतची. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला होता, तो ब्रिटिश राज्य उलथायला निघालेल्या गावावर. माझ्यावर सात रुपये सत्तर पैशांसाठी लागतो की काय, या विचाराने मी रात्री उठून पाणी प्यायलो. थंड. फ्रिजमधलं.

आता आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्या आप्पांचं बघा. त्यांची लाल वही आहे. त्यात माझं पान आहे, आणि ते पान कधीही कोरं नसतं. महिना उलटला तर आप्पा म्हणतात, “चालतंय की, पगार झाल्यावर द्या.” फार उशीर झाला तर चष्मा नाकावर ओढून एकदाच बघतात. हा त्यांचा पीनल चार्ज. त्यावर जीएसटी नाही, आणि परिणाम मात्र पाचशे रुपयांपेक्षा जास्त.

शेवटी अर्धा दिवस रजा टाकून शाखेत गेलो. अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला, तो मी वरच्या गणितात धरलेला नाही. पासबुक छापायच्या मशीनपुढे रांग. रांगेत तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू, सगळ्या भाषांतून एकच प्रश्न विचारला जात होता: हे कशाचे कापले? माझ्यापुढे एक म्हातारी होती, जन्मभर विड्या वळलेली. तिची पेन्शन महिन्याला हजार रुपये. तिने पासबुक माझ्यापुढे धरलं. “बघ की रे बाबा, छत्तीस रुपये कुठं गेले?” मी चष्मा लावून त्या अर्धवट छापलेल्या इंग्रजी अक्षरांवर बोट फिरवलं. सगळे स्वर गाळून उरलेलं काहीतरी तिथे होतं. मी म्हटलं, “आजी, चार्जेस.” “कसले?” “ते लिहिलेलं नाही.” ती म्हणाली, “मग मी पण न लिहिता नेते की छत्तीस रुपये घरला.” तिच्या बोलण्यातलं तर्कशास्त्र मला अजून खोडता आलेलं नाही.

माझा नंबर आला. अधिकारी तरुण होता, परगावचा, चेहऱ्यावर मार्चअखेर अजून ओसरलेली नव्हती. तो म्हणाला, “सिस्टीमने कापलंय.” मी विचारलं, सिस्टीमला भेटता येईल का. नाही म्हणाला. बँकेत सिस्टीमचं तसं देवासारखं आहे. सगळं तीच करते, कुणी तिला पाहिलेलं नाही, आणि तिच्यापुढे अधिकाऱ्याचंही काही चालत नाही. फरक इतकाच की आमचे सिद्धरामेश्वर संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत गावाला भेटतात तरी.

पण मी तयारीने गेलो होतो. झोप उडालेल्या रात्री रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं वाचून काढली होती. (वाचनीय आहेत असं म्हणणार नाही, पण पाणी पिऊन वाचली तर जातात.) १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात लिहिलंय की कर्जफेड चुकल्याचा दंड शिस्तीसाठी आहे, उत्पन्न वाढवायचं साधन म्हणून नाही; तो वाजवी असावा आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवू नये. किमान शिल्लक नसल्याच्या दंडाने बचत खातं उणे करू नये, हे तर २०१४ पासूनचं आहे. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि त्याला एक पैसा लागत नाही. हे शेवटचं वाचून मी अंथरुणात उठून बसलो होतो. बँकेच्या जगात काहीतरी फुकट!

मी एवढंच म्हटलं, “साहेब, पहिला दंड कबूल. पण दुसऱ्यांदा पैसे कमी पडले ते तुमच्या दंडामुळे. तेवढं लेखी द्या, म्हणजे मला पुढे लिहायला बरं.” ‘लेखी’ या शब्दात काय जादू आहे कोण जाणे. साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, “एक बार का रिव्हर्स कर देता हूँ.” सिस्टीम प्रसन्न झाली. २९५ परत. म्हातारी मागे उभीच होती. मी तिचंही पासबुक काचेआत सरकवलं. तिला तीस दिवस थांबायची तयारी आहे असंही सांगितलं. ती म्हणाली, “मी कुठं जाते?”

कंपनीकडे मात्र डाळ शिजली नाही. हप्त्याची तारीख पाचची बारा करा म्हटलं, तर होईल म्हणाले, त्याचे चार्जेस लागतील. दंड चुकवायचा तर आधी तेवढाच दंड भरा. मी फोन ठेवला.

तिसऱ्यांदा किल्ली लागायच्या आत खातं भरणं आवश्यक होतं आणि मालकांची पार्टी अजून ‘उद्या करतो’वर होती. तेव्हा बायकोने भिशीतून साडेतीन हजार आणले. तिच्या भिशीत अकराजणी. महिन्याला पाचशे, दहा तारखेला जमायचं, अडल्यानडल्याला उसने मिळतात. नियमावली तोंडी. उशीर झाला तर दंड दहा रुपये आणि सगळ्यांचा चहा. हप्ता आणि कंपनीचे हजार वगैरे मी त्या पैशांतून थेट भरून टाकले.

मे महिन्यात मी शहाणा झालो. पाच तारखेला खात्यात मुद्दाम तीन हजार ठेवले. हप्ता गेला, आठ वाजून एक मिनिटाला फोन वाजला नाही, आणि त्या शांततेत मी चक्क अस्वस्थ झालो. पण ते तीन हजार हप्त्यापायी अडकले, पगार बाराला झाला, आणि दहा तारखेला भिशीचे पैसे काही देता आले नाहीत. बायको म्हणाली, “नियम म्हणजे नियम.”

बारा तारखेला संध्याकाळी अकराजणी आमच्याकडे जमल्या. मी साडेतीन हजार आणि वर दहाची नोट दिली. कुणी पावती मागितली नाही, कुणी जीएसटी लावला नाही. मग गॅसवर मोठं पातेलं ठेवलं, आलं ठेचलं, बारा कप मोजले, एक माझा. आतून आवाज आला, “भावजी, साखर बेताची घाला की!” उकाडा मरणाचा होता, पण दूध नासलं नव्हतं. फ्रिजमध्ये होतं.