“काही हवंय का” हे विचारत राहणं बंद करा राव

हॉटेलात टेकतो न टेकतो तोच कुणीतरी येऊन ‘काही हवंय का’ विचारतं, घास तोंडात असताना ‘सगळं ठीक ना’ विचारतं, आणि बिल मागायचं असतं तेव्हा मात्र एकजण इकडे बघेल तर शपथ. माझ्या मते हे आपलं काम पाहुण्याच्या गळ्यात मारणं झालं, तूच आठव, तूच सांग, मग मी आणतो.

ज्याला नजर आहे तो फार विचारत बसत नाही. कडेवर झोपलेलं पोर आणि दुसऱ्या हातात बॅग अशी बाई काउंटरला आली की तो आधी खुर्ची देतो, फॉर्म तिथेच नेऊन देतो. पहाटेचं चेक-आउट आहे हे बुकिंगमध्येच लिहिलेलं असतं, मग टॅक्सीचं आदल्या रात्रीच विचारायला काय जातं? माहिती समोर असते हो, वाचत कुणी नाही.

फीडबॅक फॉर्मवर तर माझा काडीचा विश्वास नाही. जपानचे गुणवत्ता-तज्ज्ञ नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्येच हे मांडून ठेवलंय, काही गोष्टी ग्राहक तोंडाने मागतो, काही इतक्या गृहीत धरतो की मागतच नाही पण नसल्या की भडकतो, आणि काही हव्यात हे त्याचं त्यालाच माहीत नसतं, मिळाल्या की खूश. या शेवटच्या दोन प्रकारच्या गोष्टी फॉर्मवर कुठून येणार? आणि आजची खुशी उद्या गृहीत धरली जाते. फुकट वायफायचं एकेकाळी केवढं अप्रूप होतं, आता नसलं की एक स्टार!

पण दरवेळी स्टाफला झोडपू नका. रिट्झ-कार्लटन या आलिशान हॉटेल साखळीवाले पाहुण्याच्या न बोललेल्या इच्छाही पूर्ण करू म्हणतात, पण नुसतं म्हणून थांबले नाहीत, वरिष्ठांना न विचारता एका पाहुण्यामागे २००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा त्यांनी कर्मचाऱ्यांना दिली. जिथे जादा टॉवेललाही मॅनेजरची परवानगी लागते तिथे पोरगा स्वतःहून डोकं कशाला लावेल?

ऑनलाइनवाल्यांचं तर बोलायलाच नको, आपला सगळा डेटा यांच्याकडे, तरी एक फ्रिज घेतला की पुढे कितीतरी दिवस फ्रिजच दाखवत बसतात (माणूस काय फ्रिजचं कलेक्शन करतो का?), आणि जुना कोण उचलून नेणार, जिन्यातून नवा वर चढेल का, हे जे घेणाऱ्याच्या डोक्यात चाललंय त्यावर एक साधा मेसेज नाही.