रोस्ट बीफ कापता कापता गुलामगिरीच्या नावाने ओरड

अठराव्या शतकातील ब्रिटनमधली करांवरची व्यंगचित्रे म्हणजे पिळल्या गेलेल्या रयतेचा आवाज होता, असे विधान अण्णांनी काल कट्ट्यावर केले. वकीलसाहेबांना ते मुळीच पटले नाही.

वकिलांनी प्रथम किमतीलाच हात घातला. लंडनमधील हॅना हम्फ्रे यांच्या छापील चित्रांच्या दुकानात त्या काळचा व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याचे हाताने रंगवलेले चित्र घ्यायचे, तर खेड्यातल्या मजुराची दिवसभराची कमाईही पुरली नसती. मग अशी चित्रे विकत घेणारा कोण असणार? १७९५ साली केसांना पावडर लावण्यावर माणशी वर्षाला एक गिनी (तेव्हाचे इंग्रजी सोन्याचे नाणे) कर बसला, आणि ती गिनी वाचवण्यासाठी पावडर सोडणाऱ्या कुटुंबाची गिलरेने टर उडवली. ज्यांच्या डोक्यावर मुळात पावडरच नव्हती, त्यांना त्या विनोदाचे काय, असे वकिलांचे म्हणणे होते.

“चित्र विकत घ्यावेच लागते असे थोडेच आहे? दुकानाच्या काचेपुढे उभे राहून फुकटात पाहणाऱ्यांची गर्दी तुम्ही मोजतच नाही,” असे अण्णांनी सुनावले, आणि ते मला रास्त वाटले. पण त्याच गिलरेचे डिसेंबर १७९२ मधले ‘फ्रेंच लिबर्टी, ब्रिटिश स्लेव्हरी’ हे चित्र मी पुढे केले, तेव्हा अण्णाही क्षणभर थबकले. त्यात एका बाजूला फाटक्या कपड्यांतला हाडकुळा फ्रेंच माणूस कच्चा कांदा चघळत ‘आता कर नाहीत, गुलामगिरी नाही’ म्हणून हरखला आहे; दुसऱ्या बाजूला गलेलठ्ठ इंग्रज भल्यामोठ्या रोस्ट बीफवर सुरी चालवत, हे मंत्री करांच्या पायी आपल्याला उपाशी मारणार, असे म्हणून बोटे मोडतो आहे. कर भरणारा इथे नायक नाही, चेष्टेचा विषय आहे; शिवाय फ्रेंच क्रांतीची भूल पडलेल्यांनाही चपराक बसते, हा फायदा सरकारचाच.

“म्हणूनच १७९७ पासून सरकारने गिलरेला वर्षाला २०० पौंडांचे गुपचूप पेन्शन दिले,” वकिलांनी टोला हाणला. (गंमत अशी की, दोनच वर्षांनी पंतप्रधान विल्यम पिट यांनी लावलेल्या प्राप्तिकराचा पूर्ण दहा टक्क्यांचा दर याच २०० पौंडांच्या घरात सुरू होत होता.)

तरीही पेन्शनने त्याची लेखणी विकत घेतली, हे मला मान्य नाही. पेन्शन चालू असतानाच, मार्च १७९९ मध्ये, त्याने प्राप्तिकराच्या ‘सोप्या आणि संक्षिप्त’ म्हणवणाऱ्या भल्यामोठ्या ग्रंथात डोके खुपसून बसलेला जॉन बुल (व्यंगचित्रांतला सामान्य इंग्रजाचा प्रतिनिधी) काढला, आणि वर त्याचा रक्षणकर्ता देवदूत म्हणून खुद्द पिटलाच बसवले. वकिलांच्या मते हा लाडिक चिमटा होता. अण्णांच्या मते, पंतप्रधानाला पंख लावून दाखवणे हीच सर्वांत जहरी थट्टा होती.