गॉसिपचं गणित दुपटीवर संपत नाही

एक मजकूर रूप बदलून सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: 'एकाने दुसऱ्याला सांगितलं, त्या दोघांनी आणखी दोघांना, असं करत 33 फेऱ्यांत बातमी जगभर पोचते. संगणकांची जाळीही याच तत्त्वावर चालतात, त्याला गॉसिप प्रोटोकॉल म्हणतात. फरक इतकाच की यंत्र ऐकलं तेवढंच सांगतं आणि माणूस तिखटमीठ लावतो. खोटं तर खऱ्यापेक्षा सहापट वेगाने पळतं. म्हणून खरी माहिती पसरवायची असेल तर सर्वांत जास्त ओळखी असलेला माणूस गाठा.'

यातलं एकही वाक्य निखालस खोटं नाही, त्यामुळे ते सहज गळी उतरतं. तरी एकेक वाक्य तपासून पाहू.

'33 फेऱ्या.' एकाचे 33 वेळा दुप्पट केले की आकडा आठ अब्जांच्या पुढे जातो, हे बरोबर. पण दुप्पट होत राहायला प्रत्येक वेळी ती गोष्ट न ऐकलेलाच माणूस भेटायला हवा. हजार संगणक घ्या. 900 जणांकडे बातमी आहे आणि प्रत्येक जण डोळे मिटून कुणा एकाला ती कळवतो. यातले बहुतेक निरोप आधीच माहीत असलेल्यांकडे जातात, आणि उरलेल्या शंभरांपैकी साधारण 40 जण त्या फेरीनंतरही कोरेच राहतात. शेपूट असं लांबत जातं. सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडू शकते असं धरलं, तरी गणिताप्रमाणे आठ अब्जांसाठी 33 नव्हे, सुमारे 56 फेऱ्या लागतात. हाच प्रकार उलटा करा. न ऐकलेल्या शंभरांनीच कुणाला तरी विचारलं, 'काही नवीन?' तर दहापैकी नऊ जणांना त्याच फेरीत उत्तर मिळतं. म्हणजे सुरुवातीला सांगणारा कामाचा आणि शेवटी विचारणारा. संगणकी जाळ्यांत बहुधा दोन्ही एकत्र वापरतात. मजकुरात या विचारणाऱ्याचा पत्ताच नाही.

'जगभर पोचते.' डेली आणि केंडल या दोन गणितज्ञांनी 1964 मध्ये अफवेचं एक साधं प्रतिरूप मांडलं. काहींनी अफवा ऐकलेली नाही, काही ती सांगत सुटले आहेत आणि काही ऐकून गप्प बसले आहेत. सांगणाऱ्याला 'हे माहीत आहे मला' असं म्हणणारा कुणी भेटला, की त्याचाही उत्साह मावळतो. हे प्रतिरूप शेवटपर्यंत चालवलं तर सुमारे 20 टक्के लोकांच्या कानावर अफवा कधीच येत नाही. तिला वाटेत कुणी अडवलेलं नसतं. सांगणारेच कंटाळलेले असतात.

झेरॉक्सच्या संशोधकांना हे यंत्रांतही दिसलं. कंपनीच्या अंतर्गत जाळ्यातल्या शेकडो सर्व्हरांवर नाव-पत्त्यांची एकच नोंदवही जुळती ठेवायची होती. त्यांच्या 1987 च्या निबंधात हिशोब आहे: माहीत असलेला भेटताच थांबायचं असा नियम केला तर 20 टक्के सर्व्हर वंचित राहतात, थोडा अधिक चिवटपणा ठेवला तर सुमारे 6 टक्के. म्हणून त्यांनी अफवेच्या जोडीला दुसरी, संथ पद्धत ठेवली. त्यात अधूनमधून दोन सर्व्हर आपापल्या पूर्ण नोंदी समोरासमोर ठेवून ताडून पाहतात. सगळ्यांपर्यंत पोचण्याची हमी असते ती या कंटाळवाण्या ताळमेळामुळे.

'यंत्र ऐकलं तेवढंच सांगतं.' 20 जुलै 2008 रोजी अॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा कित्येक तास बंद पडली होती. सर्व्हर एकमेकांची ख्यालीखुशाली गॉसिपने कळवत असत. त्यातल्या मोजक्या निरोपांत एकेक बिट, म्हणजे 0 किंवा 1 असा एकच अंक, बिघडला. निरोप वाचता येत होता, पण त्यातली माहिती चुकीची होती. ती इतकी पसरली की सर्व्हरांचा जवळजवळ सगळा वेळ आपसांत बोलण्यातच जाऊ लागला आणि ग्राहकांचं काम खोळंबलं. शेवटी सगळा संवाद थांबवून, साठलेली माहिती पुसून नव्याने सुरुवात करावी लागली. ग्राहकांच्या फायलींवर चेकसमचा, म्हणजे मजकूर बिघडला तर ते पकडणाऱ्या पडताळणी-आकड्याचा, पहारा होता, या आपसांतल्या गप्पांवर नव्हता. यंत्राला तिखटमीठ लावता येत नाही हे खरं, पण ऐकलेल्या गोष्टीवर शंकाही घेता येत नाही.

खोडलेल्या गोष्टीबद्दल तो मजकूर अवाक्षर काढत नाही. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. एका सर्व्हरवरची नोंद नुसती पुसली, तर शेजारचा सर्व्हर 'तुझ्याकडे हे नाही वाटतं' म्हणून ती पुन्हा आणून देतो. म्हणून झेरॉक्सच्या मंडळींनी पुसण्याऐवजी 'ही नोंद मृत आहे' असा तारखेसह दाखला काढला, आणि मूळ नोंदीसारखा तोही जाळ्यात फिरवला. कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये अशा दाखल्याला टूमस्टोन म्हणतात आणि वेगळं काही ठरवलं नसेल तर तो 10 दिवस जपला जातो. एखादा संगणक त्याहून अधिक काळ बंद राहून परतला, तर जुनी नोंद पुन्हा जिवंत होऊ शकते. माणसांतली वर्षानुवर्षं जुनी अफवा पुन्हा डोकं वर काढते, तेव्हाही काहीसं असंच होतं. कुणीतरी इतके दिवस त्या चर्चेबाहेर असतो, खुलासा त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो, आणि अफवेवर तारीख नसते. मूळ पोस्ट उडवून गप्प बसण्यापेक्षा खुलासाच तारखेसह पुन्हा पुन्हा फिरवणं म्हणूनच जास्त उपयोगाचं.

'सहापट.' हा आकडा 2018 च्या एका अभ्यासातला आहे. ट्विटरवर 1,500 लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. पण त्यात फक्त तथ्य-तपासणी झालेल्याच बातम्या होत्या. कुणी तपासायला न घेतलेल्या रोजच्या असंख्य साध्या, खऱ्या गोष्टी त्या हिशोबात येतच नाहीत. ट्विटरवरचा आकडा उचलून माणसांच्या सगळ्या कुजबुजीला लावणं ही मजकूर लिहिणाऱ्याची स्वतःची भर आहे.

'सर्वांत जास्त ओळखी असलेला.' यंत्र भिडू यदृच्छेने निवडतं. माणूस मात्र कुणाला काय सांगायचं ते पारखून सांगतो, त्यामुळे नुसती ओळखींची संख्या मोजून भागत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या 213 गावांत हे करून पाहिलं. बातमी अशी होती: या नंबरवर मिस्ड कॉल द्या, सोडतीत बक्षीस मिळू शकेल. काही गावांत ती वाटेल त्या घरांना सांगितली, काहींत मानाच्या मंडळींना, आणि काहींत अशांना, ज्यांची नावं गावकऱ्यांनीच सुचवली होती. गावकऱ्यांना विचारलेला प्रश्न साधा होता: एखादी बातमी गावभर करायची असेल तर कुणाला सांगाल? सर्वांत जास्त कॉल आले ते या तिसऱ्या गटाच्या गावांतून.