घर घेताना पूररेषा कुणी दाखवायची?

पावसाळा जवळ आला की सांगलीहून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये कृष्णेवरच्या, सांगलीच्या खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचा विषय निघतो. कर्नाटक सरकार त्याची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करणार, पाणी मागे तुंबलं तर आपलं काय? जपानमध्ये राहत असलो तरी ही धास्ती मला समजते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी आहे 45 फूट. दोनच वर्षांनी पुन्हा महापूर आला. उंची वाढवायला विरोध व्हायलाच हवा.

मला खटकतं ते हे, की या वादात बाकी सगळं बाजूला पडतं. 2019 नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या महापुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचं म्हटलं आणि थोड्या दिवसांत कोसळलेला पाऊस व नदीकाठची अतिक्रमणं यांच्याकडे बोट दाखवलं. अनेकांना ते पटलेलं नाही. वाद चालू राहू दे. पण सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते आणि ती फुगली की कृष्णेचं पाणी उतरायला वेळ लागतो, हे तर कुणी नाकारत नाही. पाणी पसरायला जे ओत, म्हणजे नदीकाठचे सखल भाग, होते, त्यांत भराव टाकून प्लॉट पडले, हेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

पूररेषा आपल्याकडे आहेत. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीहून उंच ठेवण्याच्या अटीवर परवानगी. हे नकाशे सरकारी कार्यालयांत असतात. फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात मात्र सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, सर्च रिपोर्ट आणि बँकेची कागदपत्रं पडतात. 2019 ला पाणी या इमारतीच्या कितव्या मजल्यापर्यंत होतं, हे त्यातला एकही कागद सांगत नाही.

इथे जपानमध्ये ऑगस्ट 2020 पासून नियम आहे : घर विकताना किंवा भाड्यानं देताना एजंटानं करार होण्याआधी नगरपालिकेचा पुराचा नकाशा दाखवून ते घर त्यावर नेमकं कुठे आहे हे समजावून सांगायचं. मी भाड्यानं घर घेतलं तेव्हा भाड्याची बोलणी संपण्याआधी तो नकाशा टेबलावर आला होता. निर्णय माझाच होता, पण तो मी माहिती असताना घेतला.

नियमामागे फार मोठं दुःख आहे. जुलै 2018 च्या पुरात कुराशिकी शहराच्या माबी भागात 51 माणसं गेली, बहुतेक वयस्कर, बहुतेक आपल्याच घरात. जिथे पाणी शिरलं तो भाग आधीच छापलेल्या नकाशाशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता. नकाशा बिनचूक होता, पण बऱ्याच घरांत तो कुणी नीट पाहिलेलाच नव्हता. म्हणून नुसत्या वेबसाइटवर नकाशा टाकून भागेल असं मला वाटत नाही. व्यवहाराच्या वेळी माणूस प्रत्येक ओळ वाचतो. ती ओळ तिथेच हवी.

याला गावाकडून येणारं उत्तर मला ठाऊक आहे : भाव पडतील, ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतलं त्यांनी काय करायचं? चिपळूणमध्ये 2021 च्या पुरानंतर पूररेषांना विरोध झाला तो याच भीतीतून. भीती खरी आहे. अशा घरमालकांना जोतं उचलायला, विजेचे मीटर वर घ्यायला सरकारनं पैसे द्यावेत. पंचनामे आणि सानुग्रह अनुदान यांवर दर पुरानंतर खर्च होतोच. पण भाव टिकावा म्हणून पुढच्या खरेदीदाराला अंधारात ठेवायचं, हे मला पटत नाही.

भाडेकरूंनाही हे लागू व्हावं. पाणी चढायला लागलं की सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड ही नावं सांगलीकराला आपोआप आठवतात. बाहेरगावाहून शिकायला किंवा कामाला आलेल्याला ती कोण सांगणार? भाडेकरारात एक रकाना घाला : 2005, 2019 आणि 2021 ला इथे पाणी किती फूट होतं.