मेळ्यात एकच पाळणा दहा मिनिटं बघू द्या

मुलांना आनंदमेळ्याला न्यायचं म्हटलं की शिक्षकांमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, दिवस वाया. दुसरा म्हणतो, नेऊ या, पण आल्यावर प्रत्येक विषयाचं एकेक पान लिहून घेऊ. मला दोन्ही पटत नाही, दुसरं तर अजिबातच नाही. आल्यावर 'मी पाहिलेला मेळा' लिहायचाय हे आधीच माहीत असलेलं मूल मेळा बघतच नाही, मनात वाक्यं जुळवत फिरतं.

मी गणित आणि विज्ञान शिकवते. मागच्या वेळी सातवीच्या मुलांना एवढंच सांगितलं, की कुठलाही एक पाळणा निवडा आणि बसण्याआधी दहा मिनिटं नुसता बघा.

साखळ्यांना खुर्च्या टांगलेलं चक्र असतं ना, फिरायला लागलं की खुर्च्या बाहेर उडतात, त्याच्यासमोरून एक मुलगी पळत आली. "मॅडम, त्या जाड्या काकांची खुर्ची आणि मागची रिकामी खुर्ची सारख्याच तिरक्या झाल्यात!" तिला वाटलं होतं, जड माणूस कमी उडेल. माझ्या अंगावर काटा आला. कारण ते खरंच तसं असतं. वजन जितक्या पटीत वाढतं, तितक्याच पटीत त्याला गोल वळवत ठेवायला लागणारं बलही वाढतं, म्हणून कोन जवळजवळ तोच राहतो. तो ठरतो वेगावर आणि मधल्या खांबापासूनच्या अंतरावर. याचं सूत्र सातवीत नाही. नसू दे. पुढे कधीतरी फळ्यावर ते सूत्र येईल तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर ती रिकामी खुर्ची असेल.

लाकडी घोड्यांच्या चक्रावर बाहेरच्या घोड्यासाठी भांडण होतं, तेही बिनकारण नाही. आतला घोडा मध्यापासून 2 मीटरवर आणि बाहेरचा 5 मीटरवर असेल, तर एकाच फेरीत बाहेरचा अडीचपट अंतर कापतो. वर्तुळाचा परीघ इतका पटकन कुणाला पटलेला मी वर्गात पाहिला नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी रिंग टाकण्याच्या खेळापाशी घालवते. वीसातून एकदा रिंग बसण्याची शक्यता आहे असं धरा. मुलं लगेच म्हणतात, मग वीस वेळा टाकली की एकदा नक्की बसणार! नाही बसत. वीस वेळा टाकूनही रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता शंभरात सुमारे 36 असते. मोठी माणसंही इथेच फसतात, आणि खेळाच्या दुकानापुरतीच फसतात असं नाही. हे गणित मुलांना लहान वयात कळावं असं मला मनापासून वाटतं.

आकाशपाळण्याशी इतिहास आपोआप येतो. 1889 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आयफेल टॉवर उभा राहिला. त्याच्या तोडीचं काहीतरी शिकागोला 1893 च्या प्रदर्शनासाठी हवं होतं. पूल बांधणीतल्या जॉर्ज फेरिस या अभियंत्याने 264 फूट उंचीचं चक्र उभं केलं. 36 डबे, एकेका डब्यात 60 माणसं. गुणाकार मुलांनाच करू द्या. त्या अवाढव्य चक्राच्या आऱ्या सायकलच्या तारांसारख्याच होत्या, ताणलेल्या आणि बारीक. 1906 मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. ज्याच्या नावावरून जगभर त्या पाळण्याला 'फेरिस व्हील' म्हणतात, तो माणूस 1896 मध्येच, वयाच्या 37 व्या वर्षी गेला होता. हे ऐकून वर्ग गप्प झाला होता.

भाषा आणि भूगोलाचं म्हणाल तर माझा एकच आग्रह आहे. पाळणा उभा करणाऱ्या माणसाशी मुलांना बोलू द्या. कुठून आलात, पुढे कुठे जाणार, सगळं ट्रकात कसं बसवता, पावसाळ्यात काय करता. प्रश्न मुलांचे हवेत, आपण लिहून दिलेले नकोत. आमच्या वेळी एकाने विचारलं, "काका, सगळ्यात आधी काय उभं करता?" ते म्हणाले, "काहीच नाही. आधी जमीन बघतो." मग त्यांनी पायाखाली सरकवलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या थप्प्या दाखवल्या, पेटीतून पाणसळ, म्हणजे आतल्या बुडबुड्यावरून पातळी सपाट आहे का ते दाखवणारी पट्टी, काढली आणि त्या मुलाच्या हातात दिली. पुढची पंधरा मिनिटं माझा वर्ग पाळण्यात बसायचं सोडून मेळ्यातली प्रत्येक फळी आणि प्रत्येक बाकडं त्या बुडबुड्याने तपासत होता.